भूपात निषाद कुठून आला?

कोजागिरीचा कार्यक्रम, देवळामागचं अंगण, मध्यंतर नुकतंच संपलेलं. मसाला दुधाचे पेले अजून फिरत होते आणि बुवा शाल सावरत बैठकीवर येऊन बसले. भूप रागातला अभंग घ्यायचा होता. सुरुवातीला मी सिंथवर (म्हणजे सिंथेसायझरवर) स्ट्रिंग्जच्या आवाजात नुसता षड्ज धरायचा, मग सा-रे-ग अशी एक लहानशी चढती ओळ वाजवायची आणि पुढचं सगळं पेटीवर सोपवायचं, एवढंच माझं काम.

षड्ज धरला. छान वाटलं. खरं तर तो षड्ज नव्हताच, पंचम होता. पण खाली इलेक्ट्रॉनिक तंबोरा प-सा-सा-सा करतच होता, त्यात माझा पंचम असा काही मिसळला की कुणाच्या कपाळाला आठी पडली नाही. मग रे दाबला, आला धैवत. भूपाला धैवत वर्ज्य नाही, बुवांची मान हललीसुद्धा. मग ग दाबला आणि अंगणभर शुद्ध निषाद घुमला. भूपात निषाद, जो सूर त्या रागात नसतोच! पेटीवाल्या काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या दुधात मीठ टाकलंय.

बुवा मोठे गायक. त्यांनी जणू काही झालंच नाही असा आलाप सुरू केला. मी हात उचलले, आवाज शून्यावर आणला आणि अख्खा अभंग श्रोत्यासारखा ऐकला. कार्यक्रम संपल्यावर नळावर हात धुताना ते शांतपणे म्हणाले, "काय हो, शुद्ध कल्याण कधीपासून सुरू केलात?" (शुद्ध कल्याण म्हणजे भूपासारखाच, पण निषाद चालणारा राग.)

झालं होतं ते असं. मध्यंतराआधी वहिनी गायल्या होत्या. (त्या कुणाच्या वहिनी हे आता कुणालाच आठवत नाही, आमच्या ग्रुपमध्ये सगळेच त्यांना वहिनी म्हणतात.) वहिनींची पट्टी (म्हणजे पेटीच्या ज्या पट्टीवर त्यांचा षड्ज बसतो ती) काळी चार, बुवांची काळी एक. मी पेटी शिकलो ती काळी एकमध्ये आणि चाळीस वर्षं झाली तरी माझी बोटं तिथून हलायला तयार नाहीत. म्हणून वहिनींसाठी मी सिंथचा ट्रान्स्पोज अधिक ७ वर ठेवतो, म्हणजे प्रत्येक सूर सात पट्ट्या वरचा वाजतो. बोटं काळी एकची, आवाज काळी चारचा. बुवा बसले तेव्हा तो ७ परत शून्यावर आणायचा राहून गेला. माझ्या वाद्यावर पुढच्या बाजूला फक्त सप्तक वर-खाली करायची बटणं आहेत. ट्रान्स्पोज आहे आत, ग्लोबल नावाच्या पानावर. त्या पानावरून बाहेर आलं की पडद्यावर नुसतं आवाजाचं नाव दिसतं. अधिक ७ चा कुठेही दिवा नाही, खूण नाही.

आमचे गुरू अण्णा आज असते तर म्हणाले असते, भोग आता फळं. स्केल चेंजर पेटी त्यांना मुळीच आवडायची नाही. त्या पेटीत खटका काढून अख्खा पट्ट्यांचा संच डावी-उजवीकडे सरकवता येतो, म्हणजे बोटं तीच ठेवून सूर बदलतात. मिरजेत एका दुकानात मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा हरखून गेलो होतो. अण्णा म्हणाले, "पट्ट्या सरकवतोस, बोटं कधी सरकवणार?" त्यांचं बरोबर होतं आणि मी ऐकलं नाही.

सिंथ माझ्याकडे सहा वर्षांपूर्वी आला. कोल्हापूरच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून जुना घेतला, ६१ पट्ट्यांचा, एका कोपऱ्यावर कुठल्यातरी गणेशोत्सवाचा स्टिकर. विकताना त्याने तीन गोष्टी सांगितल्या: अ‍ॅडॉप्टर मूळचाच वापरा, पावसात नेऊ नका, आणि ग्लोबलमध्ये हात घालू नका. पहिल्या दोन मी पाळल्या.

ग्लोबल म्हणजे काय हे मला कळायला वर्षभर लागलं आणि ते कळलं भाचीमुळे. ती पुण्यात असते, पियानो शिकलेली आहे, लॅपटॉपवर गाणी बांधते. एकदा सुट्टीला आली असताना तिने एक वाक्य सांगितलं आणि माझ्या डोक्यातला सगळा गुंता सुटला. म्हणाली, "मामा, हे एक वाद्य नाहीये. एका डब्यात दोन वाद्यं आहेत. पट्ट्यांना आवाज काढता येत नाही, आणि आवाज काढणाऱ्याला पट्ट्या नाहीत."

पेटीवाल्या माणसाला हे पचायला जड जातं. पेटीत पट्टी दाबली की तिच्या मागच्या टोकाची झडप उघडते, भात्याचा वारा सुरातून (म्हणजे रीडमधून) जातो, पितळेची जीभ थरथरते. पट्टी आणि सूर यांच्यामध्ये दोन बोटांचं अंतर, बाकी काही नाही. बोट उचललं की झडप मिटते, सूर गप्प. सिंथमध्ये पट्टी दाबली की ती फक्त निरोप पाठवते: अमुक क्रमांकाची पट्टी, इतक्या जोराने. बोट उचललं की दुसरा निरोप: सोडली. आत बसलेला आवाज करणारा भाग हे निरोप वाचतो आणि वाजवतो. निरोप हरवला तर? एकदा एक पोर माझ्या मिडी केबलला (हे निरोप बाहेरच्या वाद्याकडे नेणाऱ्या केबलला) अडखळलं, सूर दाबलेला असतानाच केबल निघाली, आणि पलीकडचं साउंड मॉड्यूल (पट्ट्या नसलेला, नुसता आवाज करणारा डबा) तो एकच सूर वाजवत राहिलं. 'सोडली' हा निरोप त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता. अशा वेळेसाठी मिडीत १२३ क्रमांकाचा एक खास हुकूम आहे, सगळे सूर बंद करा असा. मी मात्र घाबरून पिनच उपटली.

तर ग्लोबलचं पान म्हणजे पट्ट्या आणि आवाज यांच्यामधली ती मोकळी जागा. निरोप कुठून कुठे जाईल, वाटेत त्यात काय फेरफार होईल, बाहेरच्यांचे निरोप आत घ्यायचे की नाही, हे सगळं तिथे ठरतं. एका आवाजापुरतं नाही. बासरी लावा, व्हायोलिन लावा, ऑर्गन लावा, ग्लोबलमध्ये जे ठरलं ते सगळ्यांना लागू.

हे निरोप ज्या भाषेत जातात ती मिडी. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेत अ‍ॅनाहाइमला भरलेल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ हे दोन सिंथ एका केबलने जोडून दाखवले. एकावर वाजवलं की दुसरा वाजत होता. दोन स्पर्धक कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलतायत ही त्या काळात केवढी गोष्ट होती! सिक्वेन्शियलचे डेव्ह स्मिथ आणि रोलंडचे इकुतारो काकेहाशी या दोघांना त्यासाठी २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी मिळालं. मला कौतुक याचं वाटतं की ती भाषा अजून तीच आहे. पाच पिनांची तीच गोल केबल, त्यातल्या तीनच पिना कामाच्या. वेग सेकंदाला ३१,२५० बिट, म्हणजे एका सुराचा निरोप जायला साधारण एक मिलिसेकंद. सोळा चॅनल, म्हणजे एकाच केबलमधल्या सोळा वेगळ्या वाटा. आणि जवळपास प्रत्येक गोष्ट ० ते १२७ या आकड्यांत.

मधला सा, म्हणजे पांढरी एक, या भाषेत ६० क्रमांकाची पट्टी. गंमत म्हणजे हिलाच एक कंपनी सी-३ म्हणते आणि दुसरी सी-४. यामाहाचं एक, रोलंडचं दुसरं. ऑनलाइन कुणी मदत करताना "सी-४ दाबून बघा" म्हणालं की आधी विचारावं, कुणाचा सी-४? ६० म्हटलं की भांडण मिटतं.

आता ट्रान्स्पोजकडे परत येतो, कारण त्याने मला दुसऱ्यांदाही गाठलं. भाचीला वहिनींचं एक गाणं लॅपटॉपवर बांधायचं होतं. मी इथे मिरजेत सिंथ यूएसबीने जोडून साथ वाजवली, नेहमीप्रमाणे काळी एकची बोटं आणि अधिक ७. घरात ऐकलं, काळी चार, उत्तम. फाइल पाठवली. संध्याकाळी तिचा फोन: "मामा, हे काळी एकमध्ये आहे. वहिनी कुठे गाणार, पाताळात?" मला वाटलं ती काहीतरी चुकतेय. चूक अर्थातच माझी होती.

फेरफार नेमका कुठे होतो याचीही एक सेटिंग असते. माझ्या वाद्यात तिला पोझिशन म्हणतात. एक पर्याय असा की पट्टीतून निरोप निघाल्याबरोबर त्यात ७ मिळवायचे. मग बाहेर लॅपटॉपलाही वाढवलेलाच सूर जातो. दुसरा पर्याय असा की आवाज करणाऱ्या भागाच्या दारात ७ मिळवायचे. मग घरात ऐकू येतं काळी चार, पण केबलमधून बाहेर जातात माझी बोटं जशीच्या तशी, काळी एकची. माझं वाद्य दुसऱ्या पर्यायावर होतं. त्यामुळे तीच फाइल माझ्या सिंथवर परत वाजवली की बरोबर, कारण बाहेरून आत येणाऱ्या निरोपांनाही दारात ७ मिळतायत. आणि तिच्या लॅपटॉपमधल्या व्हायोलिनवर वाजवली की चूक. तिने तिकडे सगळे सूर निवडून सात पायऱ्या वर उचलले, दहा सेकंदांचं काम. पण मला ती गोष्ट कागदावर दोन चौकोन आणि एक बाण काढेपर्यंत कळली नव्हती. तो कागद अजून पेटीच्या झाकणात आहे.

आता वेलोसिटी, म्हणजे पट्टी किती जोराने दाबली त्याचा आकडा. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा, कारण इथे माझी चाळीस वर्षांची सवय उघडी पडली.

पेटीच्या पट्टीला जोर कळत नाही. हळू दाबा, आपटून दाबा, सूर तेवढाच. लहान-मोठा आवाज सगळा भात्यात, म्हणजे डाव्या हातात. म्हणून पेटीवाला उजव्या हाताने हलकं, सपाट, एकसारखं वाजवायला शिकतो. अण्णा तर पट्ट्यांवर बोटं घासत नेल्यासारखी चालवायचे. सिंथला मात्र प्रत्येक पट्टीचा जोर कळतो. भाचीने लॅपटॉपच्या पडद्यावर मला माझे आकडे दाखवले. एक तान वाजवली, पन्नासेक सूर. सगळे ४५ ते ६० च्या दरम्यान. मग तीच तान तिने वाजवली. तिचे ३० पासून ११० पर्यंत, डोंगर-दऱ्या. माझं मैदान. मला उगाच लाज वाटली. ती म्हणाली, "लाज कसली, तू किती एकसारखं वाजवतोस बघ ना."

पण व्यवहारात अडचण होतीच. पियानोचा आवाज लावला की माझं वाजवणं कुणीतरी शेजारच्या खोलीत वाजवतंय असं वाटायचं, कारण ५० च्या आसपासच्या जोराला तो पियानो दबकाच बोलतो. उपाय ग्लोबलमध्ये: वेलोसिटी कर्व्ह. हलका, मध्यम, जड असे पर्याय. हलका लावला की त्याच बोटाला वाद्य जास्त आकडा देतं. माझ्या वाद्यात फिक्स्ड असाही पर्याय आहे, कसंही दाबा, आकडा एकच. मला वाटलं, अरे, हीच तर माझी पेटी! लावलं. ऑर्गनला आणि पेटीच्या आवाजाला झकास, पण ग्लोबल ते ग्लोबल: बासरी आणि संतूरही त्याच साच्यात. संतूरचा प्रत्येक सूर सारख्याच जोराने वाजायला लागला की ते संतूर राहत नाही, सायकलची घंटी होते. शेवटी हलक्या कर्व्हवर स्थिरावलो.

तरीही डावा हात भाता शोधतच होता. अजूनही कधी कधी लांब सूर धरला की डावा हात आपोआप हवेत मागे-पुढे होतो. ग्रुपमधली मुलं हसतात. यावर तोडगा निघाला तो एक्स्प्रेशन पेडलचा. मिडीत ७ नंबरचा कंट्रोल म्हणजे आवाजाची एकूण पातळी आणि ११ नंबरचा म्हणजे एक्स्प्रेशन, त्या पातळीच्या आतला चढ-उतार. ७ एकदा लावून सोडून द्यायचा, ११ आपल्या पायात ठेवायचा. ग्लोबलमध्ये पेडलला ११ नेमून दिला आणि पहिल्यांदा स्ट्रिंग्जवर आलाप वाजवला, तेव्हा मला सिंथ आवडायला लागला. भाता हातातून पायात गेला, एवढाच फरक. पायपेटी वाजवणाऱ्या जुन्या लोकांना यात काहीच नवल वाटलं नसतं.

पेडलवरून आठवलं. सस्टेन पेडल नवा आणला आणि सगळे सूर न दाबताच लांबायला लागले, पाय दिला की तुटायचे. उलटं. दुकानात बदलायला निघालो होतो. ग्लोबलमध्ये पेडलची पोलॅरिटी उलटी केली, रिक्षाचे पैसे वाचले.

लोकल ऑफच्या बाबतीत मात्र रिक्षाचे पैसे गेले.

लॅपटॉप जोडला की एक भानगड होते. पट्टी दाबली की तिचा निरोप आतल्या आवाजाकडे जातोच, शिवाय लॅपटॉपकडे जातो, आणि लॅपटॉप तोच निरोप परत सिंथकडे पाठवतो. एकच सूर दोनदा वाजतो, मध्ये काही मिलिसेकंदांचं अंतर. ऐकायला नळीतून बोलल्यासारखं. शिवाय एकावेळी वाजू शकणाऱ्या सुरांची संख्या निम्मी होते. म्हणून पट्ट्या आणि आतला आवाज यांच्यातला थेट रस्ता बंद करायचा, निरोप लॅपटॉपला वळसा घालूनच येऊ द्यायचा. त्या रस्त्याचं नाव लोकल. मी लोकल ऑफ केलं, रेकॉर्डिंग केलं, आणि त्या दिवशी शहाणपणा सुचून राइटचं बटणही दाबलं. माझ्या वाद्यात ग्लोबलमध्ये केलेले बदल राइट दाबलं नाही तर बंद केल्यावर पुसले जातात. दाबलं की राहतात.

दुसऱ्या दिवशी रियाजाला बसलो. दिवा आहे, पडदा आहे, आवाज नाही. हेडफोन बदलला. केबल बदलली. अ‍ॅम्प्लिफायर देव्हाऱ्याजवळच्या प्लगला लावला. काहीच नाही. गादीच्या खोळीत गुंडाळून सांगलीला दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने आधी डेमोचं बटण दाबलं. ढँग ढँग करून वाद्य दणदणीत वाजायला लागलं, दुकानातल्या तिघांनी वळून पाहिलं. डेमो थांबवला, पट्ट्या दाबल्या: शांतता. तो म्हणाला, "आवाज ठीक आहे, कीबोर्डची रिबन केबल गेली असणार, उघडावं लागेल." आणि त्याचा तर्क चांगलाच होता; एका डब्यातलं एक वाद्य जिवंत, दुसरं मेलेलं. स्क्रू ड्रायव्हर हातात घेतलेला असताना मी भाचीला फोन लावला. ती लेक्चरला होती, कुजबुजली, "मामा, लोकल बघ." बघितलं. ऑफ. ऑन केलं. दुरुस्तीवाल्याने पैसे घेतले नाहीत, चहा मात्र मीच पाजला. काही वाद्यांत बंद-चालू केलं की लोकल आपोआप ऑनवर येतं म्हणे. तसं माझं असतं तर ही कथा घडली नसती.

चॅनलची कथा थोडक्यात. आमचा ऑक्टापॅडवाला तरुण आहे, उत्साही. त्याने एकदा स्वतःच्या पॅडची मिडी केबल माझ्या सिंथच्या मिडी इनमध्ये लावली, माझ्यातला एक घुंगरांचा आवाज त्याला काठीने वाजवायचा होता. तो आवाज दहाव्या चॅनलवर होता, जनरल मिडीत (सगळ्या कंपन्यांसाठी सारख्या ठरलेल्या आवाजांच्या यादीत) तालवाद्यांची जागा तीच. ते जमलं. पण त्याचा पॅड किट (आवाजांचा संच) बदलताना प्रोग्रॅम चेंज नावाचा, आवाज बदला असा निरोपही पाठवत होता, आणि तो जात होता पहिल्या चॅनलवर, जिथे मी बसलो होतो. मी भूपाळीला जनरल मिडीच्या बँकेतली बासरी लावून वाजवत होतो. त्याने पुढच्या गाण्याची तयारी म्हणून ५७ नंबरची किट लावली, आणि जनरल मिडीत ५७ म्हणजे ट्रंपेट. देव जागे झाले असणार. नशीब, ती तालीम होती. ग्लोबलच्या मिडी पानावर प्रोग्रॅम चेंज न स्वीकारण्याची सोय आहे. तेव्हापासून ते स्वीकारणं बंद ते बंदच. आपण कुठला आवाज लावायचा हे दुसऱ्याच्या काठीने का ठरावं?

त्याच पानावर क्लॉक, म्हणजे लयीचं घड्याळ, असतं. ते बाहेरच्यावर ठेवलं आणि बाहेर काहीच जोडलेलं नसलं की अर्पेजिएटर (दाबलेले सूर आपोआप एकापाठोपाठ वाजवणारा भाग) मुक्यासारखा बसतो. आम्हाला अर्पेजिएटर लागत नाही, पुढे जातो.

श्रुतींबद्दल लिहिल्याशिवाय मात्र राहवत नाही. स्केल ट्यूनच्या पानावर बारा सुरांपुढे बारा आकडे आहेत, प्रत्येक सूर सेंटमध्ये चढवता-उतरवता येतो. दोन लागोपाठच्या पट्ट्यांत १०० सेंट. तंबोऱ्यातून ऐकू येणारा गांधार पाच-चतुर्थांश गुणोत्तराचा, म्हणजे ३८६ सेंटांवर. पट्टीचा गांधार ४०० वर. मग गांधार उणे १४, धैवत उणे १६, निषाद उणे १२. हे आकडे भरून रात्री एकट्याने तंबोरा लावून गांधार धरा. तो तंबोऱ्यात विरघळतो, शोधावा लागतो. हार्मोनियमवर आकाशवाणीने १९४० ते १९७१ बंदी घातली होती, त्यामागच्या तक्रारींपैकी एक या चढ्या गांधाराचीच. डॉ. विद्याधर ओकांनी २२ श्रुतींची पेटी बनवली तीही याच दुखण्यावर. पण कार्यक्रमात मी ते पान सरळ ठेवतो. काकांची पेटी बारा समान पट्ट्यांची आहे. त्यांचा गांधार चढा आणि माझा उतरलेला, असे दोन गांधार एका बैठकीत असण्यापेक्षा दोघांचा एकच चढा परवडला. शिवाय षड्ज बदलला की सगळे आकडे नव्या षड्जापासून मोजायचे, नाहीतर काळी एकसाठी उतरवलेला गांधार काळी चारला भलताच कुठेतरी बसतो. ट्रान्स्पोजने माझे जे हाल केले त्यानंतर तेवढी हिंमत नाही.

पण काकांच्या पेटीशी जुळायला एक गोष्ट करावीच लागते, मास्टर ट्यून, म्हणजे अख्खं वाद्य एकदम किंचित चढवणं-उतरवणं. त्यांची पेटी वडिलांच्या वेळची. सूर तापलेल्या पितळासारखे गोड, पण चढलेले. सिंथ ४४० वर (पांढरी सहाची सेकंदाला ४४० कंपनं), पेटी कुठे ते माहीत नाही. पहिल्या तालमीला दोन्ही एकत्र वाजले की आवाजात डचमळल्यासारखं व्हायचं, लोकांना वाटायचं स्पीकर खराब आहे.

एका दुपारी त्यांच्या घरी सिंथ घेऊन गेलो. ट्रान्स्पोज शून्य. काका काळी एक धरून भाता घालतायत, अगदी हलका, कारण भाता जोरात घातला की सूर किंचित उतरतो. मी त्याच पट्टीवर ऑर्गनचा साधा, न थरथरणारा आवाज धरला. मधल्या सप्तकात लाटा यायला लागल्या: वँव... वँव... सेकंदाला जेमतेम दोन. मास्टर ट्यून वर न्यायला सुरुवात केली, ४४०.५, ४४१. लाटा लांबल्या. ४४२ ला एक लाट यायला दीड सेकंदाहून जास्त लागत होतं. काकू चहा घेऊन दारात उभ्या, त्यांनाही ऐकू येत होतं, "आता कमी झालं बघा." ४४२.७ ला लाट इतकी संथ की श्वास रोखून ऐकावी लागली. ४४३ ला थांबली. दोन वाद्यांचा एक सूर झाला, आणि काकांनी भाता थांबवला तरी क्षणभर मला पेटीच वाजतेय असं वाटलं.

मग सवयीने पांढरी सहा ताडून पाहिली, तिथे पुन्हा बारीकशी लाट. जुन्या पेटीचे सगळे सूर सारखे चढत नाहीत. तेव्हापासून मी पांढरी सहावर जुळवत नाही, जरी ४४० हा आकडा तिचा असला तरी. ज्या पट्टीत गाणार तिच्या षड्जावर जुळवतो. ४४३ ठरवलं, आणि राइट दाबलं. ट्रान्स्पोज असताना मी राइट कधीच दाबत नाही. त्यामुळे वाद्य बंद-चालू केलं की तो शून्यावर येतो. मध्यंतरात आता मी पिन काढून पुन्हा लावतो. साउंडवाला मुलगा दर वेळी विचारतो, "काका, काही प्रॉब्लेम?"

परवा दिवाळी पहाटेची पहिली तालीम होती. मी लवकर पोचलो, सगळं लावलं, ग्लोबल उघडून पाहिलं: ४४३.०, ट्रान्स्पोज शून्य, लोकल ऑन. पेटीवाले काका आले, पेटी उघडली, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. मिरजेतल्या कारागिराकडून सगळे सूर काढून, साफ करून, एकेक घासून लावून आणले होते. टोकाला घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो, हे सगळं त्यांनी मला समजावून सांगितलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम्हाला दर वेळी त्रास होतो ना, म्हणून मुद्दाम सांगून, मशीनवर बघून, बरोबर ४४० ला लावून घेतली."

मी त्यांना नमस्कार केला. मग त्यांना काळी एक धरायला सांगितली, हलक्या भात्याने, आणि लाटा मोजायला लागलो.